घरात किती जण?

३ नोव्हेंबर, सोमवार

डबा परत आला. घासून, पुसून, कोरडा ठणठणीत. पोरीने खाल्लं की नाही, आवडलं की नाही — काही म्हणजे काही कळायला मार्ग नाही!

शाळेच्या फाटकाशी शिपाईमामांच्या हातात आजचा दिला, शुक्रवारचा घेतला. पावणेआठला हे सगळं आटोपतं. भिंगरी तेव्हा आत मैदानात रांगेत उभी असते. कुंपणाच्या भिंतीवरून मला नुसती डोकी दिसतात. शंभरेक डोकी, निम्म्यांच्या दोन दोन वेण्या. रोज एकीला भिंगरी समजते आणि तेवढ्यावर ऑफिसला जाते.

आज कोर्टाच्या समुपदेशक बाईंचं पत्र आलं. बारा डिसेंबर, सकाळी अकरा. त्या दिवशी तिला विचारणार — तुला कुणाकडे राहायचंय? नऊ वर्षांच्या पोरीला!

दोन वर्षांपूर्वी मी ते घर सोडलं तेव्हा तिला ताप होता. महिनाभरात नेते म्हणून निघाले. आधी खोली नव्हती, मग नोकरी नव्हती, मग दोन्ही झालं तर कागद नव्हते. शेवटी ठरलं ते असं — पोरगी वडिलांकडे आणि आजीकडे. शाळेचा डबा मी द्यायचा. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बागेत दोन तास भेटायचं. शाळेत भेटायचं नाही. डब्यात चिठ्ठी घालायची नाही.

म्हणजे आता उरले चाळीस दिवससुद्धा नाहीत, आणि माझ्या हातात काय, तर डबा. त्यातून तिला जे काही कळायचं ते कळेल.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मक्याचे दाणे, लोणी, मीठ. वर काकडीचे तारे कापून. तारे कापायला पाऊण तास लागला. वेडीच आहे मी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आमच्या परिसर मंडळाचं पत्रक छापायला गेलं. चार पानं, दर महिन्याला तीच रडकथा. पहिल्या पानावर गरजूंसाठी धान्य गोळा करण्याचं आवाहन. दुसऱ्यावर 'या महिन्यात आपल्या परिसरात' — पानं झाडायचा शनिवार, जुन्या स्वेटरांची अदलाबदल, मुलांच्या शर्यती, बुधवारी टाकीची सफाई, पाणी नाही. तिसऱ्यावर अध्यक्षबाईंचं मनोगत, जे त्यांच्या घरातलेही वाचत नाहीत. आणि शेवटी माझा कोपरा : 'शाळेचा सोपा डबा'. खाली सही — एक आई.

ही सही अध्यक्षबाईंचीच कल्पना. मी नाव घालत होते, तर म्हणाल्या, नाव कशाला, 'एक आई' कसं जवळचं वाटतं! मी नाव खोडलं. त्यांना माझं सगळं माहीत आहे, पण बाईंचं मन लोण्याचं आणि डोकंही त्याचंच.

या वेळी लिहिलंय : 'मुलांना एकच मोठा घास नको असतो, चार छोटे चालतात. बटाटा उकडून गोल काप करा. उकडलेलं अंडं चौकोनी चिरा. पावाच्या कडा टाकू नका, भाजून त्याच्या कांड्या करा. डबा उघडल्यावर मूल हसलं पाहिजे.'

डबा उघडल्यावर मूल हसलं पाहिजे! लिहिणारीने दोन वर्षांत आपलं मूल जेवताना बघितलेलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सासूबाईंचा फोन सकाळीच. (अजून सासूबाईच म्हणते. दुसरं काय म्हणणार?) "तिला खोकला झालाय. आज नको."

सप्टेंबरात सर्दी. ऑक्टोबरात अभ्यास. आता खोकला. म्हटलं, तिच्या बाबांना द्या फोन. "तो कामावर आहे." रविवारी? "रविवारीसुद्धा काम असतं लोकांना." आणि खट्!

ही बाई पहिल्यापासून अशीच. चार शब्दांत माणसाला दाराबाहेर उभं करते. मी त्या घरात नऊ वर्षं राहिले पण स्वयंपाकघरात पाहुणीच. मीठ कुठे ठेवायचं हेसुद्धा त्यांनी ठरवायचं.

तरी बागेत गेले. बाकावर दोन तास बसले. माळी म्हणाला, आज पोरगी नाही? म्हटलं खोकला झालाय. तिन्ही महिने त्यालाच सांगतेय कारणं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सभागृहात धान्याच्या पेट्या उघडल्या. लोक काय काय देतात! व्हिनेगरच्या सतरा बाटल्या — एकाच घरातून. अर्धी संपवलेली जॅमची बाटली, चमच्यासकट. मुदत उलटून चार वर्षं झालेला वाटाण्याचा डबा. शिंपीकाका म्हणाले, "हा डबा दान नाही, वारसा आहे." पोट धरून हसलो. हसले की नंतर जास्त वाईट वाटतं, हे एक नवीनच.

शिंपीकाका म्हणजे कोपऱ्यावर दुकान होतं ते. दुकान मुलाला देऊन आता इथे पिशव्या भरतात. कमी बोलतात, पण बोलले की टाका घातल्यासारखं.

अध्यक्षबाईंना या वर्षी टेबलावर फलक हवाय — 'हसून स्वागत करा'. मी साफ नाही म्हटलं. आमचा नियम आहे आणि तो माझाच आहे : वाटपाच्या दिवशी टेबलावरच्या माणसाने मान वर करायची नाही. फक्त विचारायचं, घरात किती जण? एक-दोन म्हटलं तर पांढरा दोरा, तीन-चार तर पिवळा, पाचाच्या वर लाल. दोरा घेऊन माणूस पुढच्या टेबलावर जातो, दोरा बघून पिशवी मिळते. नाव नाही, पत्ता नाही, चेहरा नाही. मला दिसतात ते हात.

पहिल्या वर्षी असं नव्हतं. आमच्याकडे दिवे लावून गेलेला वायरमन रांगेत आला आणि मी मूर्खासारखी ओरडले, "अय्या, तुम्ही!" त्याने हातातली पिशवी टेबलावर ठेवली आणि गेला. त्याच्या घरी तीन मुलं होती. पुन्हा कधी आला नाही. तेव्हापासून मान खाली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पावाच्या कांड्या, चीज, गाजर. डबा कोरडा परत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

भाजीच्या दुकानात वर्गबाई भेटल्या. भिंगरीच्या. मी ओळख दाखवायची नाही म्हणून टोमॅटो बघत उभी राहिले, तर त्याच जवळ आल्या. "तुम्हीच ना डबा देता? एक बोलायचं होतं. ती शाळेत डबा खात नाही हो. उघडतच नाही. दप्तरात ठेवते आणि पाणी पिऊन येते. विचारलं तर म्हणते, घरी खाईन."

कधीपासून?

"सप्टेंबरच्या शेवटापासून. दीड-दोन महिने तरी."

टोमॅटो तिथेच ठेवून आले. दीड-दोन महिने! मी काकडीचे तारे कापत होते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

डोकं भणभणतंय. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

हे भिंगरीचं डोकं नाही. नऊ वर्षांची पोर भूक मारून डबा दप्तरात ठेवत नाही, कुणी शिकवल्याशिवाय. आईच्या हातचं खायचं नाही, घरी आण, मी बघते — असं कुणीतरी सांगितलंय. कुणीतरी कशाला, मला माहीत आहे कुणी! लग्न होऊन महिना झाला होता, मी केलेला भात त्यांनी ताटात घेतला, बोटाने दाबून बघितला आणि परत पातेल्यात टाकला. एक अक्षर न बोलता. तो भात मी अजून विसरले नाही.

आता माझा डबा त्या घरी जातो, त्या तो उघडतात, बोटाने दाबतात आणि केरात टाकतात. मग घासून पुसून परत — इतका स्वच्छ! मी रोज तो स्वच्छ डबा बघून वेड्यासारखी खूश होत होते.

बारा तारखेची तयारी चाललीय त्यांची. पोरीला माझ्या अन्नावरूनच तोडायचं. म्हणजे विचारलं की ती आपोआप म्हणेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल आणि आज तिचा सगळ्यात आवडता — अंड्याची पातळ गुंडाळी, आत लोणी आणि बटाटा. लहानपणी ही दिसली की ताटाभोवती गोल गोल फिरायची. भिंगरी नाव त्यावरूनच पडलं.

ऑफिसातून शाळेत फोन केला. वर्गबाई बिचाऱ्या चांगल्या आहेत. म्हणाल्या, "बघितलं मी मुद्दाम. झाकण जरा उघडलं, वास घेतला, आणि पुन्हा लावलं."

वास घेतला!

२२ नोव्हेंबर, शनिवार

तिला मी नकोय. झालं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

डबा दिला नाही. फाटकाशी गेले, शुक्रवारचा रिकामा घेतला आणि उभी राहिले. शिपाईमामा म्हणाले, "आज नाही का?" म्हटलं, आजपासून नाही. त्यांनी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दिवसभर फोनकडे बघत होते. सासूबाई फोन करतील, ठरलेलं मोडलं म्हणून ओरडतील, मग मी त्यांना सुनावीन. काय काय सुनवायचं ते क्रमवार ठरवून ठेवलं होतं. फोन आला नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नाही आला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

कुणाला फरकसुद्धा पडला नाही. इतके दिवस सकाळी साडेपाचला उठून मी जे करत होते ते बंद झालं आणि जगात कुणी 'अगं' म्हणालं नाही. आता साडेपाचला जाग येतेच. ओट्यापाशी उभी राहते. दोन्ही डबे पालथे घातलेत.

अध्यक्षबाई डिसेंबरच्या कोपऱ्यासाठी मागे लागल्यात. "तुमच्यामुळे आमच्या नातवाचा डबा संपतो हो! सूनबाई कात्रण फ्रिजला लावते." मी लिहून दिलं — 'या महिन्यात : बटाटा. उकडा. द्या.' त्यांना वाटलं गंमत केली. परत मागितलं. मग नेहमीचं लिहिलं, थंडीत गरम राहील असं काहीतरी. सही काढायला सांगितली. त्यांनी राहू दिली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पानं झाडायचा दिवस. अख्खा परिसर खराटे घेऊन रस्त्यावर. मुलं पानांच्या ढिगात उड्या मारत होती. शाळेतली बरीच होती. भिंगरी नव्हती. मी एकटीने पूर्ण गल्ली झाडली, पाठ मोडली. बरं वाटलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

आठवडा झाला. अजून चुकून दोन अंडी उकडते.

३ डिसेंबर, बुधवार

पिशव्या भरायला सुरुवात. शनिवारी वाटप. या वर्षी माणसं दुप्पट येतील म्हणतात. कारखान्याची एक पाळी बंद झालीय.

शिंपीकाकांनी विचारलं, पोरीचं काय चाललंय? बोलायचं नव्हतं, पण बोलले सगळं. ते तांदूळ भरत होते. भरता भरता म्हणाले, "डबा परत यायचा तो भरलेला की रिकामा?"

रिकामा.

"मग कुणीतरी खात होतं."

म्हटलं, केराची टोपली खात होती! तुम्हाला माझ्या सासूबाई माहीत नाहीत. ते म्हणाले, "मला नाही माहीत. पण अन्न टाकणारी माणसं डबा इतका घासत नाहीत. नुसता बुचकळून देतात." मला राग आला. त्यांच्याशी नंतर बोलले नाही. पिशव्यांना गाठी मारत बसले, इतक्या घट्ट की त्यांना कात्री घेऊन सोडवाव्या लागल्या.

५ डिसेंबर, शुक्रवार

उद्या. एकशे ऐंशी पिशव्या तयार. व्हिनेगर अजून पडून आहे.

६ डिसेंबर, शनिवार

आजचं लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

सकाळी नऊपासून रांग. मी टेबलावर. मान खाली. घरात किती जण? चार — पिवळा. सहा — लाल. हात आले, हात गेले. वंगणाचे हात, हातमोजे घातलेले, एक बाळाची मूठ धरलेला. थंडी होती, सगळ्यांची बोटं लाल.

साडेअकरा वाजले असतील. घरात किती जण?

"दोन."

आवाज लहान मुलाचा. मुलं येतात कधी कधी, घरात आजारी असलं कुणी तर. आम्ही फक्त एवढं विचारतो, मोठं कोण आहे घरी?

"आजी."

आणि?

"आणि मी."

हात टेबलावर होता. उजवा. अंगठ्याच्या मुळाशी गुळगुळीत डाग, इस्त्रीचा. तीन वर्षांची असताना इस्त्रीला हात लावला होता, मीच मांडीवर घेऊन तासभर फुंकर घालत बसले होते. नखं वाढलेली. बाही आखूड झालेली, मनगट उघडं. मनगट केवढंसं! माझी दोन बोटं त्याच्याभोवती फिरून वर उरली असती.

मी मान वर केली नाही.

मला माहीत नाही मी का नाही केली. वर केली असती तर ती पळाली असती, वायरमन गेला तशी, हात रिकामे घेऊन. असं मी आत्ता म्हणतेय. त्या क्षणी काहीच वाटलं नाही. कात्री घेतली, पांढरा दोरा कापला, तिच्या तळहातावर ठेवला. तिने हात लगेच काढला नाही. एक, दोन, तीन — इतका वेळ हात तसाच. मग मूठ मिटली आणि हात गेला.

तिला तर मी दिसत होते! माझा भांग, माझा स्वेटर, माझा चष्मा. तिला माहीत होतं इथे मी बसते. तरी आली आणि तरी 'आई' म्हणाली नाही. दोघी शहाण्यासारख्या नियम पाळत होतो.

पुढचा हात आला. मी विचारलं, घरात किती जण?

असे आणखी चाळीस. रांग संपल्यावर उठले आणि पिशव्यांच्या टेबलाकडे गेले. शिंपीकाका म्हणाले, "दोनाचा दोरा घेऊन एक पोरगी आली होती. मी तिला चाराची पिशवी दिली. चुकलं का?"

दोन! म्हणजे तिचे बाबा कुठे आहेत?

७ डिसेंबर, रविवार

गेले. दोन वर्षांनी त्या पायऱ्या चढले.

सासूबाईंनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. त्या बाईची उंचीच कमी झालीय. स्वयंपाकघरात गेले, कालची पिशवी ओट्यावर नीट मांडून ठेवलेली — तांदळाचं पाकीट, डाळीचं, डबे उंचीप्रमाणे. बाकी फळ्या रिकाम्या. भिंगरी शेजारणीकडे होती.

विचारलं, तो कुठे आहे?

"गेला. सप्टेंबरात. दुसऱ्या गावी काम आहे म्हणाला. दोन वेळा फोन आला. आता नंबरच लागत नाही."

मला का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू पोरीला घेऊन गेली असतीस."

नेलंच असतं!

"म्हणून नाही सांगितलं." इतकं सरळ. मग खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, रविवारी पाठवलं असतं तर बोलून गेली असती. लहान आहे. एवढं तोंडाला कुलूप लावून किती ठेवणार. इकडे शिवणाची कामं डोळ्यांमुळे सुटली. थोडा तांदूळ होता. तुझा डबा यायचा. चार वाजता पोर घरी आली की दोघी बसायचो, मध्ये डबा. "मी रोज सांगायचे, तू शाळेत खा. ऐकायची नाही. म्हणायची, एकटीने खाल्लं की घशाखाली जात नाही."

काकडीच्या ताऱ्यांतले मोठे तारे ती यांना द्यायची म्हणे.

मी ओट्याला धरून उभी होते. सुनवायचं ठरवलेलं सगळं क्रमवार आठवत होतं, पहिल्या मुद्द्यापासून.

मग त्यांनी विचारलं, "डबा का बंद केलास गं? आजारी होतीस? ती रोज विचारायची."

रागाने नाही. खरंच विचारत होत्या.

मी म्हणाले, हो, आजारी होते.

दोन आठवडे. मी दोन आठवडे घरी ओट्यापाशी उभी होते, साडेपाच वाजता, हात बांधून. रागावून. तेव्हा इथे काय शिजत होतं हे विचारलं नाही. विचारण्याची हिंमत नाही.

८ डिसेंबर, सोमवार

डबा दिला. दोन्ही डबे दिले. शिपाईमामा म्हणाले, "बरं झालं."

१० डिसेंबर, बुधवार

अध्यक्षबाईंना कळलं. "अहो, मग तुमचं कामच झालं! बाप बेपत्ता, म्हातारीला उत्पन्न नाही. समुपदेशक बाई डोळे मिटून तुमच्या बाजूने लिहितील!"

खरं आहे. हेच तर हवं होतं दोन वर्षं. खोलीत तिच्यासाठी पलंग आणला, खिडकीपाशी लावला. पडदा धुतला. आनंद व्हायला हवा म्हणून वाट बघत बसले पलंगावर. नाही झाला. सासूबाईंच्या फळ्या दिसत राहिल्या. पोरगी आली की तिथे पिशवी आणायला तरी कोण जाणार? त्या जिवंत असेपर्यंत माझ्या टेबलासमोर उभ्या राहणार नाहीत. शनिवारी दोनदा सभागृहाच्या दारापर्यंत येऊन परत गेल्या होत्या, हे त्यांची शेजारीण बोलली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

अकराला पोचलो. खोलीत लांब टेबल. मी एका बाजूला, सासूबाई दुसऱ्या बाजूला, भिंगरी मध्ये, पाय जमिनीला टेकत नाहीत. केस कुणीतरी घट्ट विंचरलेले. माझ्याकडे एकदा बघितलं आणि टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

सासूबाईंनीच सगळं सांगितलं. मुलगा गेला, उत्पन्न नाही, लपवलं ते मी लपवलं. एकदाही आवाज हलला नाही. समुपदेशक बाई भराभर लिहीत होत्या. म्हणाल्या, मग प्रश्नच उरत नाही, मुलगी आईकडे. तरी पद्धत म्हणून तिला विचारते.

"बाळ, आईकडे राहायला आवडेल ना?"

भिंगरी म्हणाली, "हो." मग माझ्याकडे वळून, हळू — "पण मग आजी काय खाणार?"

समुपदेशक बाईंनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाल्या, त्याची काहीतरी सोय बघता येईल. सोय! मला माहीत आहे ती सोय. वर्षातून एकदा, पांढरा दोरा.

सोमवारपासून ती माझ्याकडे. कागदावर सही झाली. जिंकले मी. बाहेर पडताना सासूबाई तिचं बटण लावत होत्या. लावलेलंच होतं, तरी पुन्हा लावत होत्या.

१३ डिसेंबर, शनिवार

नाही जमणार. काहीच नाही जमणार. तिला आणलं तर ती इथे पलंगावर बसून निम्मं अन्न दप्तरात ठेवेल. नाही आणलं तर मी आई कसली. त्या घराच्या पायऱ्या मी उतरले होते तेव्हा स्वतःशी शपथ घेतली होती की मेले तरी परत चढणार नाही. त्या बाईंच्या हाताखाली पुन्हा एकदा मीठ कुठे ठेवू विचारायचं?

विचार करून करून डोकं सुन्न झालंय.

१४ डिसेंबर, रविवार

घरमालकिणीला किल्ली दिली. शिंपीकाका हातगाडी घेऊन आले, पलंग, दोन पेट्या, पातेली. त्याच पायऱ्या चढून वर पोचले तर सासूबाई दारात. सामानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, किती दिवस वगैरे काही नाही. म्हणाल्या, "तुझ्या खोलीत उंदीर होते ना, ते आता नाहीत. खायला मिळेना म्हणून तेही गेले." आणि खाली वाकून माझी एक पेटी स्वतःच उचलायला लागल्या.